चार नंबरची टकटक

यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. मंगळवार होता, दुपारचे पावणेतीन. जागा, हॉस्पिटलच्या तळघरातली लॉन्ड्री.

आम्ही चौदा बायका, चौदा मुलखांतून आलेल्या. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती. सुपरवायझरला आमची नावं घ्यायचा कंटाळा. तो टेबलाच्या नंबरानं हाक मारायचा.

मी चार नंबरच्या वाफेच्या प्रेसवर. पेडलवर पाय माझा, समोर चादर पसरणारी दुसरी. दोघीही 'चार नंबर'. मी तिला ताई म्हणायचे. ती मला तिच्या भाषेत काहीतरी म्हणायची. शिवी होती की माया, देव जाणे.

हात बाहेर काढले की ताई अंगठीनं लोखंडी कडेवर वाजवायची. टक, टक. मग मी पेडल दाबायचे, प्रेस मिटायचा.

नऊ वर्षं आमचं बोलणं एवढंच.

"इथे ढोल बडवायला येता का? उद्यापासून हा आवाज बंद," सुपरवायझरनं दम दिला.

आठवड्यानं मी पाणी प्यायला गेले, तर माझ्या जागी तोच उभा राहिला. ताई चुणी सरळ करत होती. त्यानं पेडल दाबलं.

हात कोपरापर्यंत चिरडला, भाजला. चौथ्या दिवशी ताई गेली.

अपघाताच्या कागदावर सुपरवायझरनं लिहिलं, 'चार नंबरची चूक'. नावसुद्धा नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडणार कुठल्या भाषेत?

तिची अंगठी कुठेच सापडली नाही.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मंगळवारी चादर आत अडकली. ताईच्या जागी आलेली नवी मुलगी हात घालायला तयार होईना.

"हो बाजूला. कामाच्या नावानं नुसती बोंब," म्हणत सुपरवायझरनं स्वतःच दोन्ही हात आत घातले.

आणि तेवढ्यात...

टक.

मी मुलीकडे पाहिलं. तिचे हात छातीशी घट्ट धरलेले होते.

...टक.

लोखंडावर अंगठीचा आवाज. नऊ वर्षं ऐकलेला.

प्रेस मिटला.

वाफेत त्याची किंकाळी घुमली. मांस जळल्याचा वास सुटला. तो गुडघ्यांवर आदळला, पण हात सुटेनात. प्रेस उघडायला चार मिनिटं लागली.

एकही बाई ओरडली नाही. बाकीच्या सगळ्या टेबलांवरून मात्र हळूहळू...

टक, टक. टक, टक.

त्याचे दोन्ही हात मनगटापासून कापावे लागले. "आतून कोणीतरी धरलं होतं," असं तो डॉक्टरांना सांगत राहिला. वरच्या मजल्यावरची नर्स आम्हाला सांगून गेली, कापलेली उजवी मूठ उघडली तेव्हा आत एक अंगठी होती.

पोलिसांना मी दुभाष्यामार्फत हे सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून.

टकटक झाली तेव्हा त्याचे हात आत आहेत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

पेडलवर पाय माझाच होता. माझ्या पायावर आणखी कोणाचा तरी पाय होता की नाही... ते मला आजही सांगता येत नाही.