खंडेनवमीची सुट्टी

खंडेनवमीला सकाळी दहा वाजता मी सावद्याच्या पुढे एका केळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पॉवर सप्लाय बसवायला गेलो. काम दोन तासांचं होतं. आधीच सांगतो, मला सकाळपासून काही वाटत वगैरे नव्हतं. भूक लागली होती, एवढंच. जळगावहून निघताना चहासुद्धा मिळाला नव्हता.

तिथे सहा खोल्या आहेत. हिरवी केळी क्रेटमध्ये भरून आत लावतात, दार बंद करतात, गॅस सोडतात, चार दिवसांत माल पिवळा. पिकताना केळी श्वास घेतात. आपल्या वाटणीची हवा खातात आणि जड हवा सोडतात. पंखे आतलीच हवा फिरवतात, दार बंद राहिलं तर तासाभरात आतल्या माणसाचं काही खरं नाही. म्हणून प्रत्येक खोलीच्या आत एक लाल बटन आणि बाहेर दारावर एक घंटी. आत कोणी अडकला तर बटन दाबायचं, घंटी वाजते, बाहेरची माणसं दार उघडतात. साधी गोष्ट. फक्त घंटीला वीज पाहिजे.

त्यासाठी मी नेलेला डबा. साधा सप्लाय वीज देतो, लाइट गेली की मरतो. हा मरत नाही. लाइट गेली तर त्याच क्षणी बॅटरीवर जातो, घंटीला कळतसुद्धा नाही. बॅटरी म्हातारी झाली का ते रोज स्वतः तपासतो. आठ चॅनल आहेत, खोलीला एक आणि दोन जादा. एकात शॉर्ट झाला तर तेवढाच तोडतो, बाकीचे चालू ठेवतो. कुठल्या चॅनलवर किती करंट गेला, किती वाजता गेला, सगळं लिहून ठेवतो. मी धुळ्याला डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडला. तिथल्या कुठल्याही सरांपेक्षा हा डबा मला जास्त खरा वाटतो. त्याला विचारलं तर तो सांगतो. दरडावत नाही.

मी पॅनल उघडून बसलो होतो तेव्हा दिवालीबाई आली. सातपुड्यातल्या पाड्यावरची बाई, चाळिशीची, इथे क्रेट उचलते. माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि डब्याकडे बघत राहिली.

"भाऊ, ही घंटीची मशीन शे का?"

"हो अक्का."

"मग आज बंद नको करजो."

का, ते तिने चार वाक्यांत सांगितलं, रडारड न करता. गेल्या खंडेनवमीला तिचा नवरा सिंगा चार नंबरच्या खोलीत होता. मागच्या भिंतीशी क्रेटच्या आड फरशी पुसत होता. मालक जीवराम नाना पूजेला आले, दारं ओढून घेतली, हार लावले, मेन बंद केला. बॅटरीची वायरही काढायला लावली. सगळे जेवायला गेले. आतलं हँडल तेव्हाही तुटलेलं होतं, आजही आहे. सिंगाने बटन दाबलं असणार, दाबतच राहिला असणार. अंगठ्याचं नख फाटलं होतं, ती म्हणाली.

नाना सगळ्यांना सांगत फिरले, त्याचे दिवस भरले होते. तपासणीला आलेल्या साहेबाने लिहून दिलं की घंटीला बॅटरीवाला नवा सप्लाय लावा. तो घ्यायला नानांना अकरा महिने लागले. चार नंबरमध्ये केळी मात्र आठव्या दिवशी भरली.

"नाही करणार बंद," मी म्हणालो. ती उठली. कमरेला एक छोटी बाटली खोचलेली होती, मोहाच्या दारूची. आपल्या माणसाच्या नावाने चार थेंब जमिनीवर सांडायचे असतात. ती खोल्यांकडे गेली हे मी पाहिलं. पाहिलं आणि परत स्क्रूला लागलो.

वायरी जोडताना कळलं की चार नंबरची वायर नाहीच. पॅनलमध्येच कापलेली, टोकाला टेप. तिथल्या पोराला विचारलं तर म्हणाला, ती घंटी आपोआप वाजायची, म्हणून नानांनी कापली. आतलं बटनही काढून भोकात सिमेंट भरलं. वायरीत ओल आली म्हणे.

मी बाकीच्या पाच खोल्या जोडल्या, चौथं चॅनल रिकामं ठेवलं आणि सप्लाय सुरू केला. एक, दोन, तीन, पाच, सहा, सगळीकडे शून्य. कोणी बटन दाबत नाही, बरोबर.

चारवर ०.२०.

घंटी वाजताना एवढाच करंट जातो. मी टर्मिनल बघितलं. रिकामं. मीटर लावला. शून्य. स्क्रीनवर ०.२०. मग ०.००. मग ०.२०. थोडं थांबून परत. मशीनचा दोष असा नसतो. दोष एक तर कायम असतो, नाही तर कसाही उडतो. हे दाबणं होतं. दाबायचं, ऐकायचं, परत दाबायचं.

आणि मी काय केलं? सेटिंगमध्ये जाऊन चार नंबरचं चॅनल बंद केलं. नवा डबाच खराब निघाला, असं स्वतःला सांगितलं. नानांनी कात्रीने केलं, मी बटनाने केलं. फरक नाही.

बारा वाजता नाना आले. पांढरा सदरा, हातात ताट, नारळ, मागे झेंडूच्या माळा घेऊन दोन माणसं. पुसायला उघडं ठेवलेलं एकेक दार ओढून घ्यायचं, हळदीकुंकवाची बोटं उठवायची, माळ लावायची. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आत डोकावायची गरज नानांना वाटत नाही. आत काय असणार, केळी.

मग माझ्यापाशी आले. "झालं का रे? चाल, बंद कर सारं. बॅटरी पन."

"बॅटरी नाही नाना. घंट्या चालू राहतील."

"आज मशीनले सुट्टी राह्यते. पोयाच्या सनाले बैल जुंपतो का तू?"

"बैल दुसऱ्याचा जीव सांभाळत नाही. हे सांभाळतं. याला सुट्टी नसते."

"मले शिकवतो? कॉलेज सोडेल पोट्टा तू, तुह्या मालकानं सांगितलं मले."

"सोडलं. पण गेल्या वर्षी वायर मी नव्हती काढली."

हार घेतलेली माणसं जमिनीकडे बघायला लागली. नाना मेनकडे वळले. ताट एकाच्या हातात दिलं आणि मेन खाली ओढला. पंखे थांबले. एवढा वेळ तो आवाज होता हे थांबल्यावरच कळतं. डबा बॅटरीवर गेला, स्क्रीन तशीच उजळ. नानांनी पुढे वाकून बॅटरीचा फ्यूज उपटला आणि मुठीत धरला. मी हात धरायला गेलो, उशीर झाला.

आता स्क्रीन विझायला पाहिजे होती.

विझली नाही. बाकीचे सगळे आकडे गेले. एकच राहिला. मी स्वतः बंद केलेलं चार नंबर. ०.२०. थांबत नव्हतं, सोडत नव्हतं.

आणि बाहेर घंटी वाजली.

चार नंबरच्या दारावरची. जिची वायर माझ्या समोर कापलेली लोंबत होती. तेवढ्यात झेंडूच्या वासात मला मोहाचा वास आला. बाटली आठवली.

"दिवालीबाई कुठाय?" मी ओरडलो. कोणालाच माहीत नव्हतं.

मी पळालो. माळ तोडली, दार ओढलं. जड, गोड, कुजका वास अंगावर आला. ती मागच्या भिंतीशी बसली होती, क्रेटच्या आड, डोकं गुडघ्यावर. पूजा, भांडण, सगळं मिळून पाऊण तास झाला असेल. दोघांनी धरून बाहेर आणली, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळाने डोळे उघडले.

"अक्का, आवाज का नाही दिला?"

"दिधा ना... पंखा चालू व्हता. कोन ऐकस?"

"मग बटन..."

"बटन कोठे शे तठे?" ती म्हणाली. "मी तर बसेल व्हतू. तो दाबत व्हता."

 घंटी दार उघडताच थांबली होती.

मी पॅनलपाशी परत आलो. नाना तिथेच उभे होते, मूठ मिटलेली.  मला वाटलं, आता तरी फ्यूज परत द्या म्हणावं. सावरायला संधी द्यावी. मग ते पुटपुटले, "बंद कर हे..."

"कशाने करू? फ्यूज तुमच्या मुठीत आहे."

त्यांनी बोट दाखवलं म्हणून मी स्क्रीनकडे पाहिलं. चारवर आता शून्य होतं. सातवर करंट होता. ०.२०. शून्य. ०.२०. आधीच्यासारखं जोराचं नाही. हलकं, मधेच सुटणारं, लहान मुलाचं बोट नीट पोचत नसल्यासारखं.

"नाना, खोल्या सहाच आहेत ना?"

नाना भिंतीला टेकले.

"सातवी दिवाळीनंतर बांधनार हाये," ते म्हणाले. "मी अजून घरातबी नाही सांगितलं..."