कपाटातल्या पेटीचा पासवर्ड

विश्वास ठेवा, नाहीतर द्या सोडून. पण हे माझ्या मावसबहिणीच्या घरात घडलंय, तेही भरदुपारी. आणि ती काही थापा मारणाऱ्यातली नव्हे.

ताईचा नवरा अपघातात गेला. मागे राहिली पाच वर्षांची चिमी, आणि कपाटातली, कॉम्प्युटरचा डेटा साठवणारी ती काळी पेटी. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ त्या पेटीत. नवऱ्याचा आवाज आता तेवढ्यातच उरला होता.

पासवर्ड फक्त त्याच्या डोक्यात. पेटी चालू होती तोवर सगळं उघडं होतं. एकदा बंद पडली की कुलूप!

आणि ताईने व्हॅक्यूम क्लीनर लावायला नेमका त्या पेटीचाच प्लग उपटला.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तिचा भाऊ धावत आला. आतल्या खोलीत बराच वेळ डोकेफोड करून बाहेर आला.

"ताई, भावोजींनी काम चोख केलंय गं. पासवर्डशिवाय ब्रह्मदेवाचा बाप आला तरी उघडणार नाही."

ताई मटकन खाली बसली. "मग यांचा आवाज आता कुठे ऐकू रे मी?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून...

टक. टक-टक. टक.

जरा थांबून... ठक!

ताईने लगेच ओळखलं. नवरा अस्साच टाइप करायचा. दोन बोटांनी, आणि शेवटी एंटर दणकन.

दोघं आत धावले. खोलीत कुणीच नव्हतं.

स्क्रीनवर मात्र... सगळे फोल्डर उघडे.

ताई हसत होती, रडत होती. भाऊ पांढराफटक. त्याने घाईघाईने सगळं नव्या डिस्कवर उतरवलं आणि पेटी घेऊन गेला. नव्या डिस्कला त्याने पासवर्ड लावलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ताईने डिस्क जोडली...

ती पासवर्ड मागत होती.

आणि पाठीमागे...

टक. टक-टक. टक.

चिमी जेवणाच्या टेबलावर दोन बोटांनी वाजवत होती. शेवटचं ठक मात्र आलं नाही.

"चिमे, कुणी शिकवलं गं हे?"

"बाबांनी. पण पूर्ण नाही सांगत."

"का?"

"म्हणाले, उरलेलं इकडे आलीस की सांगतो."

ताईने डिस्क फेकून दिली. आवाज नको, फोटो नकोत, काही नको. आता ती चिमीचा हात क्षणभरही सोडत नाही. झोपेतही नाही.

आणि झोपेत चिमीची बोटं तिच्या तळहातावर वाजत असतात...

रोज एक टक जास्त.