हिरव्या डागाची खरी गोष्ट

पोटभर आहार मिळूनही ओम्रू वाळत का चालला होता, हे आंबोलीच्या संशोधन केंद्रात कुणालाच कळेना. धूसर ग्रहावरून आलेला हा पाहुणा रोज वाडगाभर क्षारजल (खनिजं विरघळवलेलं पाणी) प्यायचा, तरी आता त्याला धड उभंही राहवत नव्हतं.

केंद्रातली जीवशास्त्रज्ञ रेवा ही केतकीची आत्या. सुट्टीत आत्याकडे आलेल्या केतकीची ओम्रूशी गट्टी जमली होती. त्या सकाळी ती त्याच्या खोलीत शिरली, तेव्हा तो ब्रशने दंड खसाखसा घासत होता.

"दुखेल ना रे. कशाला घासतोस एवढं?"

"हा हिरवा मळ," ओम्रूच्या गळ्यातलं भाषांतरयंत्र बोललं. "आमचे पूर्वज शुभ्र खडकातून जन्मले. पुढे त्यांच्या हातून पाप घडलं आणि अंगावर हा डाग उमटला. परक्याच्या घरी जाताना आम्ही तो घासून काढतो."

केतकीला राहवेना. खाली पडलेला हिरवा भुगा काचपट्टीवर घेऊन ती आत्याकडे धावली. आत्याने सूक्ष्मदर्शकाला (बारीक वस्तू मोठी करून दाखवणारं यंत्र) डोळा लावला, तो बराच वेळ काढलाच नाही.

"हा मळ नाही गं. जिवंत आहे हा."

चाकांच्या खुर्चीत बसवून आत्याने ओम्रूला अंगणात आणलं. हिरड्याच्या खोडावर करडे पापुद्रे चिकटले होते.

"हे तर दगडफूल. आई मसाल्यात घालते," केतकी म्हणाली.

"हा एक जीव वाटतो, पण आहेत दोन. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते. तिच्या कुशीतलं शैवाल (अगदी साधा हिरवा जीव) उन्हात अन्न तयार करतं. असं एकमेकांच्या आधाराने जगणं म्हणजे सहजीवन. ओम्रू, फार पूर्वी तुमच्या ग्रहावरही एक करडा जीव आणि एक हिरवा जीव एकत्र आले असणार. त्यातून तुम्ही झालात. नुसत्या क्षारांनी ताकद येत नाही. तू घासून टाकतोयस, तो तुझा स्वयंपाकी आहे."

ओम्रूने दंडावरून हळूच हात फिरवला.

"म्हणजे पाप घडलंच नव्हतं?"

"पाप कसलं? मैत्री झाली होती," केतकी म्हणाली.

त्या दिवसापासून ओम्रू उन्हात बसू लागला. हळूहळू अंगावर हिरवी झाक आली, पायांत बळ आलं, आणि एके दिवशी तो आपणहून चालत संदेशकक्षात गेला. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानातली त्याची धाकटी बहीण पडद्यावर दिसली. घासून घासून ती पांढरीफटक पडली होती.

ओम्रूने आपला हिरवागार दंड पुढे केला.

"आधी खिडकीचा पडदा उघड आणि उन्हात बस," तो म्हणाला. "मग आपण कुठून आलो, ते सांगतो."