दहा वाजून दहा मिनिटांची पोस्ट

मंगळवारी दुपारी पार्सलं न्यायला आलेल्या कुरिअरवाल्याला थोरली सापडली. भट्टीच्या खोलीत पालथी पडलेली, डोक्यामागे रक्त सुकलेलं. भट्टी चालूच होती. खोली एवढी तापली होती की त्याला दारातच घाम फुटला.

तासाभरात इन्स्पेक्टरबाई आल्या. गेली अकरा वर्षं थोरली या दोन खोल्यांत चाकावर मातीचे कप, वाडगे, सुरया घडवत होती. लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण आणि तिचा नवरा दोन गल्ल्या सोडून राहत. धाकटी सोशल मीडियावर भांड्यांचे फोटो टाकायची, लोकांशी बोलायची. नवरा बाजारातल्या आपल्या ऑफिसातून वेबसाइट सांभाळायचा, पार्सलं बांधायचा.

डॉक्टरांनी मृत्यूच्या वेळेबद्दल हात टेकले. काल संध्याकाळ असेल, आज सकाळही असेल. भट्टीशेजारी पडलेल्या देहाबद्दल शपथेवर काही सांगणार नाही, म्हणाले.

हवालदाराने मोबाइल पुढे केला. थोरलीच्या पानावर त्याच सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी पोस्ट पडली होती. ओल्या, चकाकत्या सुरईचा फोटो. खाली ओळ: ‘आत्ताच चाकावरून उतरवली. हिची भावंडं वेबसाइटवर भेटतील.’

म्हणजे दहापर्यंत थोरली जिवंत होती, असं हवालदाराचं म्हणणं.

इन्स्पेक्टरबाई खोलीभर फिरल्या. खिडकीशी, भट्टीपासून सगळ्यात लांबच्या फळीवर तीच सुरई उभी होती. तोटी जराशी डावीकडे झुकलेली, त्यामुळे चुकायचा प्रश्न नव्हता. त्यांनी ती उचलली. हलकी होती. तळहाताला पांढरी भुकटी लागली. भट्टी निवल्यावर त्यांनी भट्टीचं झाकण उघडून पाहिलं. आत एकही भांडं नव्हतं.

धाकटी स्वयंपाकघरात बसली होती. रडून आवाज बसला होता. रविवारपासून तापाने अंथरुणात होते, घरी दिवसभर एकटीच होते, एवढंच तिला सांगता आलं. सकाळची पोस्ट तिने टाकली नव्हती. पासवर्ड तिघांकडे होता.

बाईंनी कामाची पद्धत विचारली. प्रत्येक पोस्टला वेगळी लिंक बनवतो, धाकटी म्हणाली, म्हणजे कुठल्या फोटोवरून किती माणसं वेबसाइटवर आली ते मोजता येतं. ती स्वतः कधीकधी विसरायची; नवरा नाही. लिंक स्वतः दाबून बघितल्याशिवाय तो पुढे जायचाच नाही.

“ताई आठवडाभर गप्प होती,” ती म्हणाली. “कुणाचं तरी पत्र आलं होतं, सोबत फुटका कप. मला काही दाखवलं नाही.”

नवऱ्याची सकाळ चोख होती. आठपासून थेट दुपारपर्यंत तो व्यापाऱ्यांच्या सभागृहात होता. सोशल मीडियावरून आपल्या वेबसाइटपर्यंत गिऱ्हाईक कसं आणावं, यावर चाळीस दुकानदारांसमोर बोलत होता. भाषणाच्या मध्यावर त्याने मेहुणीचं पान पडद्यावर लावलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुरईची पोस्ट पडली. टाळ्याही झाल्या. ती पोस्ट आपणही तिथेच पहिल्यांदा पाहिली, असा जबाब त्याने सही करून दिला. निघताना उंबऱ्यात थांबला.

“सांगवत नाही, मॅडम, पण दोघी बहिणींचं आठवडाभर वाजत होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी दोघांना चौकीत बोलावलं. टेबलावर वेबसाइटच्या नोंदींचा एक कागद होता. पहिला प्रश्न त्यांनी धाकटीला विचारला.

“चाकावरून उतरवलेली सुरई वाळायला किती दिवस लागतात?”

“तीन-चार. भट्टीजवळ ठेवून घाई केली तर तडकते.”

“काल दुपारी ती खडूसारखी कोरडी होती. तडा कुठेही नाही. म्हणजे फोटो गेल्या आठवड्यातला.”

“जुना फोटो ताईंनीच टाकला असेल,” नवरा म्हणाला. “सगळेच टाकतात.”

“असेल. पण रिकामी भट्टी त्या कशाला तापवतील? ती तापवली देहासाठी. मृत्यूची वेळ कळू नये म्हणून. आणि डॉक्टर गोंधळले की सगळे त्या पोस्टवर विसंबणार. पोस्ट आधी तयार करून तिला वेळ लावून ठेवता येते ना?”

“येते. कुणालाही येते.”

बाईंनी कागद त्याच्याकडे सरकवला.

“या पोस्टच्या लिंकवरून तीनशे बारा माणसं आली. तीनशे अकरा जण काल दहा वाजून दहा मिनिटांनंतर. एक माणूस मात्र सोमवारी संध्याकाळी सहा चाळीसला आला. जी पोस्ट अजून कुणी पाहिलीच नव्हती, तिची लिंक त्याला कुठून मिळाली?”

त्याने कागदावर ती ओळ बोटाने शोधली.

“तो माणूस तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसला होता. तुम्ही लिंक चालते का ते बघितलंत. नेहमीसारखं.”

धाकटीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

उरलेलं बाईंनी संथपणे सांगितलं. पोस्टांवरून माणसं येत गेली, मागणी एका बाईच्या दोन हातांना झेपेना. तेव्हा पार्सलं बांधणाऱ्याने बाहेरून तयार कप आणले आणि थोरलीच्या नावाने पाठवले. त्यातल्या एका कपातून रोज दूध पिऊन एक मूल आजारी पडलं. आईने कप तपासून घेतला. चकाकीत शिसं निघालं. तिने पत्रासोबत कपाचे तुकडे पाठवले. तुकडा हातात घेताच थोरलीला कळलं, ही माती आपली नाही. मोडलेला कप आणि पत्र पोलिसांना तिच्या पेटीत सापडलं. पत्रामागे तिने लोकांना द्यायचा इशारा लिहून काढला होता. सोमवारी संध्याकाळी तिने त्याला बोलावून ते वाचून दाखवलं असणार. दोघी बहिणींचं वाजत होतं, हे त्याचं म्हणणंही बाईंनी शेवटी सांगितलं.

“एका पोस्टने सगळं मातीत घातलं असतं,” तो हळूच म्हणाला. “पाया पडलो मी तिच्या. ऐकेना. पाठ फिरवली आणि पोस्ट टाइप करायला बसली.”

“आणि वाजत होतं असं सांगितलंस ते?” धाकटीने विचारलं. “माझ्यावर ढकलणार होतास?”

हवालदाराने त्याला उठवून आत नेलं.

धाकटीने पत्रामागचा मजकूर मागितला. मूळ कागद पुराव्यात राहणार होता. बाईंनी फोटो काढू दिला. धाकटीने तिथेच बाकावर बसून तो शब्दन्‌शब्द टाइप केला. ‘माझ्या नावाने आलेले कप वापरू नका. सगळेच माझ्या हातचे नाहीत. काहींच्या चकाकीत शिसं आहे. मुलांना त्यातून काही देऊ नका.’ फोटो लावला नाही. वेबसाइटवरची सगळी भांडी तिने काढून टाकली आणि तिथेही तेवढंच ठेवलं, खाली आपला फोन नंबर.

दुपारपर्यंत हजारो माणसं आली. एवढी त्या वेबसाइटवर कधीच आली नव्हती. कुणी शिव्या घातल्या, कुणी थोरलीसाठी हळहळलं.

मग फोन वाजू लागला. पहिला आवाज एका बाईचा होता, धाप लागलेला. माझी मुलगी दीड वर्षाची आहे, ती म्हणाली, सहा महिने रोज त्याच कपातून पेज पितेय.

धाकटीने डोळे पुसले आणि वही ओढली.

“तिला आजच डॉक्टरांकडे न्या,” ती म्हणाली. “रक्त तपासायला सांगा, शिशासाठी. आणि मला तुमचं नाव सांगा. मी संध्याकाळी फोन करते.”