झुंबरचा एपिसोड

मी विनोदी लिहून पोट भरतो. त्यामुळे "हे खरं आहे" म्हटलं की लोक आधीच हसायला बसतात.

हसून घ्या. मी थांबतो.

झालं? तर हे खरं आहे.

१९८८. फेब्रुवारीतला शनिवार, संध्याकाळचे सात. गाव जानेफळ, ग्रामपंचायतीचा ओटा.

माझी चुलतबहीण झुंबर तेव्हा अठरा वर्षांची. तिचं एक गुपित होतं. ते आणखी दोघांनाच माहीत होतं. एक मी, आणि दुसरे तिचे वडील, उकंडराव काका.

झुंबर रागावून गप्प बसली, की…

घरातलं मातीचं भांडं तडकायचं.

हात न लावता. टक्.

मडकी, गाडगी, एकदा अख्खा रांजण. काकू कुंभाराला शिव्या द्यायची.

ती चौदाची असताना माझ्या चुकीने काकांच्या हरभऱ्यात बैल शिरले. काकांनी मला गोठ्यात गाठलं आणि काठी उचलली. नेम डोक्याचा होता. दारात झुंबर उभी होती. ती काही बोलली नाही…

टक्.

या वेळी भांडं नव्हतं. काकांचा खांदा होता.

गाडीवरून पडलो, असं काकांनी गावाला सांगितलं. पोरीची सोयरीक व्हायची होती. मीही भाकरीवर हात ठेवून झुंबरला शब्द दिला, की कुणाला सांगणार नाही.

शब्द चार वर्षं टिकला. लेखक होऊ घातलेल्या माणसाच्या मानाने बराच.

कॉलेजात असताना मी ही गोष्ट टीव्हीच्या एका गूढ मालिकेला पाठवली. नावं बदलली. उलट पत्र आलं, की मुलगी पुरेशी धोकादायक वाटत नाही. ती एका मुलाला वाचवते, तिथे भीती कमी होते.

मी मुलगा काढून टाकला.

म्हणजे स्वतःला. काठीही काढली. आता ती पोरगी बापाचा खांदा उगाचच मोडत होती. ते त्यांना आवडलं.

घरी मी एवढंच सांगितलं, की माझी गोष्ट टीव्हीवर येणार. कोणती गोष्ट, ते कुणी विचारलं नाही. आमच्याकडे टीव्हीवर येणं महत्त्वाचं, काय आलं ते नाही.

ज्या शनिवारी भाग लागणार होता, नेमकं त्याच दिवशी बीबी गावचे कडूबा पाटील झुंबरला सून म्हणून कुंकू लावायला आले होते. कुंकू लागलं, जेवणं झाली, पाहुणे निघाले. काकांनीच त्यांना आग्रहाने थांबवलं. पुतण्याची गोष्ट आहे, पाहूनच जा.

पंचायतीच्या टीव्हीच्या पेटीचं कुलूप निघालं. पाहुण्यांना पुढे सतरंजी. झुंबर मागे, बायकांत.

पडद्यावर पहिलं मडकं तडकलं, तेव्हा लोक हसले. काकू हसली नाही.

मग बाप आला. त्याचा खांदा मोडला.



एकेक डोकं वळलं. काकांच्या वाकड्या खांद्याकडे.

कडूबा पाटील उठले. "उकंडराव, गाडीवरून पडले होते म्हने ना तुमी?" एवढंच बोलले. चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

मी ओट्यावरच्या पाण्याच्या माठाकडे बघत होतो. आता फुटेल… आता…

काहीच झालं नाही.

झुंबर माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "दादा, म्या उगाच मारलं होतं का रे त्याईले?"

मालिकावाल्यांनी बदललं, असं मी सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं.

माठ तरीही शाबूत.

त्या दिवसानंतर त्या घरात एक पणतीसुद्धा तडकली नाही. मला याची जास्त भीती वाटते.

सोयरीक मोडली, दुसरी जुळली नाही. झुंबर सोनाळ्याला मामाकडे गेली ती तिथलीच झाली. गेल्या वर्षी तिथेच वारली. मी गेलो नाही. माझा कार्यक्रम होता. विनोदी.

तिच्या तेराव्यानंतर, एका दुपारी, मोबाईलवर तो जुना भाग सापडला. बायको अन्नपूर्णा शेजारी शेंगा सोलत होती. दोघांनी पाहायला घेतला.

गोठा आला. बाप आला. त्याने काठी उचलली…

काठी तर मी काढून टाकली होती.

आणि काठीखाली कुणीतरी होतं.

हडकुळा पोरगा. दोन्ही हात डोक्यावर.

अन्नपूर्णा म्हणाली, "हा तुमच्यावानी दिसून राह्यला."

दारात मुलगी उभी होती. मालिकेतली नटी मला नीट आठवते. ही ती नव्हती. ही मुलगी बापाकडे पाहत नव्हती, पोराकडेही नाही…

सरळ बाहेर. माझ्याकडे.

मी पडद्यावर बोट ठेवलं. सगळं जागच्या जागी थांबलं.

याला तीन महिने झाले. केव्हाही उघडला तरी भाग तिथेच उघडतो. काठी वर, खाली मी, दारात ती. गप्प.

अन्नपूर्णा म्हणते, पुढं लावा ना, पाहू तं काय होते.

चौदा वर्षांची झुंबर मला वाचवेल, याबद्दल मला त्या वेळी शंका नव्हती. आता आहे.

मी पुढे लावलेलं नाही.