वारा शून्य, तापमान तेवीस

काम तसं अर्ध्या तासाचं. खिंडीतल्या हवामान केंद्राचा संगणक बाहेरच्या खांबाशी बोलेनासा झाला होता, आणि न बोलणाऱ्या यंत्रांना बोलतं करणं हा धाकट्याचा धंदाच होता. एरवी तो शीळ घालत घाट चढला असता. पण त्या केंद्रावरचा निरीक्षक म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ, आणि त्याला जाऊन अकरा दिवस झाले होते. कार्यालयात दुसरा तंत्रज्ञ नव्हता. साहेबांनी चाचरत विचारलं, "जमेल ना तुला?" धाकटा म्हणाला, "मला नाही तर कुणाला जमणार?" आणि दुपारी एकच्या सुमारास हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो वर पोहोचला.

केंद्र म्हणजे दगडी भिंतींच्या तीन खोल्या. पुढच्या खोलीत संगणक, मागच्या दोन खोल्यांत थोरल्याचा संसार. खिडकीतून साठेक पावलांवर, दरीच्या अगदी काठाला, लोखंडी खांब दिसायचा. दोन पुरुष उंच. त्याच्या डोक्यावर वारा मोजणारं तीन वाट्यांचं चक्र आणि हातभर खाली तापमापक. खांबाकडून आलेली केबल भिंतीवरच्या एका डबीत शिरायची, आणि डबीतून दुसरी वायर संगणकाच्या पाठीमागच्या पोर्टात. एवढाच कारभार. पण त्या आकड्यांवर खालचा घाटरस्ता चालू ठेवायचा की बंद, हे ठरायचं.

दार वहिनीनं उघडलं. घरात ओल्या लोकरीचा, न उघडलेल्या खिडक्यांचा वास होता.

"या भावजी. चहा ठेवते."

"राहू द्या वहिनी. आधी हे बघतो."

ती गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "मला त्या यंत्रातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "मला फक्त एवढंच सांगा. हे वाऱ्याला भिऊन असायचे. चौदा वर्षांत वादळात एकदासुद्धा उंबरा ओलांडला नाही. मग त्या दिवशी यंत्रानं यांना असं काय सांगितलं? कागद आलाय वरून... निरीक्षकाचा निष्काळजीपणा. मला तो कागद वाचवत नाही, भावजी. हे निष्काळजी नव्हते."

"बघतो," धाकटा म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना.

कारण त्या दिवशी पाऊण वाजता थोरल्याचा फोन आला होता, आणि त्यात काय बोलणं झालं ते धाकट्यानं अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

"अरे, काल तू गेल्यापासून वारा चारच दाखवतोय. इथं तर खिडक्या निखळायला आल्यात."

"लाल दिवा लागलाय का?"

"नाही."

"मग लाइन चालू आहे, दादा. वर चक्र अडकलं असेल. जाऊन जरा ढोसून बघ."

"एवढ्या वाऱ्यात?"

"भित्री भागूबाई!" धाकटा म्हणाला होता. थोरला हसला होता आणि त्यानं फोन ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावरच्या कामगारांना तो दरीच्या तळाशी सापडला.

धाकटा कामाला लागला. संगणक चालू केला. पडद्यावर तोच आकडा, वारा चार. त्यानं बोलण्याचा वेग बदलून पाहिला. दोन्ही यंत्रांचा वेग जुळला नाही तर एकाचं बोलणं दुसऱ्याला बरळल्यासारखं ऐकू येतं. पण इथं बरळणंही नव्हतं. पोर्टातली वायर बदलली. दुसरं पोर्ट लावून पाहिलं. बाहेर वारा वाढत चालला होता आणि दगडांच्या फटींतून धुकं आत येऊ बघत होतं. शेवटी त्यानं पडद्यावर थेट पोर्टाशी बोलायची खिडकी उघडली आणि एक, दोन, तीन असे आकडे टाइप केले.

पडद्यावर उत्तर आलं. एक, दोन, तीन.

त्यानं सात टाइप केला. पलीकडून सात आला. जन्मतारीख टाइप केली, जन्मतारीख आली. कुणीतरी पलीकडे बसून त्याचा शब्द न् शब्द परत करत होतं, काडीचीही भर न घालता.

ह्याचा अर्थ तंत्रज्ञाला शेंबड्या पोराला सांगावा तसा समजवावा लागत नाही, पण ते पटायला धाकट्याला पाच मिनिटं लागली. पोर्टातली एक पिन बोलते, एक ऐकते. दोष संगणकात आहे की खांबाकडे, हे शोधायचं असेल तर खांबाच्या वायरी सोडवून ह्या दोन वाटांना तारेच्या तुकड्यानं जोडून द्यायचं. संगणक स्वतःचंच बोलणं ऐकतो. ऐकलं म्हणजे तो ठणठणीत. मग तार काढायची आणि वायरी पुन्हा जोडायच्या. रोजची गोष्ट, दात घासण्याइतकी.

दोन तास तो सगळीकडे शोधत होता, फक्त भिंतीवरची डबी सोडून. ती त्यानं वादळाच्या आदल्या दिवशीच तपासली होती ना! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. आता त्यानं डबीचे स्क्रू काढले. आत त्या दोन वाटांच्या खिळ्यांना जोडणारा बोटभर लाल तारेचा तुकडा होता, त्यानंच पिळलेला, आणि खांबाच्या वायरी बाजूला लोंबत होत्या. आदल्या दिवशी तपासणी चालू असताना थोरला बशीत चहा ओतून घेऊन आला होता, त्यांच्या गप्पा रंगल्या होत्या, कुठल्याशा जुन्या फजितीवर दोघं पोट धरून हसले होते, आणि हसता हसता त्यानं झाकण लावून टाकलं होतं.

संगणक बारा दिवस स्वतःलाच विचारत होता आणि स्वतःचंच ऐकत होता. काहीतरी ऐकू येतंय म्हणून लाल दिवा लागला नाही. नवा आकडा मिळाला नाही म्हणून जुनाच चार दाखवत राहिला. त्या दिवशी वर चक्र अडकलंच नव्हतं. ते गरागरा फिरत होतं.

"काही सापडलं का, भावजी?"

त्यानं तार मुठीत घेतली. "वायर सडली होती," तो म्हणाला. "कुणाचा दोष नाही."

त्यानं वायरी जोडल्या, आणि खांब बोलू लागला.

खांबाच्या पोटात त्याची स्वतःची बॅटरी असते आणि स्मरणसुद्धा. लाइन तुटली तरी दर दहा मिनिटांची नोंद तो महिनाभर सांभाळून ठेवतो. धाकट्यानं ती मागवली, आणि ओळीमागून ओळ पडद्यावर उतरू लागली. वादळाचा दिवस आला. दुपारी एक : वारा एकतीस, तापमान दोन. एक दहा : वारा चौतीस, तापमान दोन. वारा सेकंदाला तीस मीटरच्या वर गेला की माणूस उभा राहू शकत नाही.

एक वीस : वारा शून्य, तापमान चौदा.

एक तीस : वारा शून्य, तापमान तेवीस.

वादळ काही दहा मिनिटांत थांबलं नव्हतं. म्हणजे चक्र कुणीतरी धरून ठेवलं होतं, आणि तापमापकाला कुणाचं तरी अंग चिकटलेलं होतं. दादा वर चढला, वाऱ्यानं त्याला खाली उतरू दिलं नाही, आणि त्यानं खांबाला मिठी मारली. एक चाळीस, तेवीस. एक पन्नास, तेवीस. दोन, तेवीस. खाली शहरात धाकटा तेव्हा जेवत होता. नंतर त्यानं डुलकीसुद्धा काढली होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि दादा कधी पडला ते बघायचं म्हणून तो ओळी पुढे सरकवत राहिला.

तीन वाजता तेवीस. रात्री तेवीस. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ, ज्या वेळी दादाला दरीतून वर काढून स्ट्रेचरवर ठेवलं होतं आणि धाकट्यानं स्वतः त्याचा बर्फासारखा पाय धरला होता, त्या वेळी : वारा शून्य, तापमान तेवीस. तिसरा दिवस. पाचवा. दहावा. आणि सगळ्यात खालची ओळ आत्ताची, आज दुपारी साडेतीनची. वारा शून्य. तापमान तेवीस.

त्यानं खिडकीतून पाहिलं. वाऱ्यानं काठावरचं गवत जमिनीवर लोळत होतं. चक्राच्या तिन्ही वाट्या स्थिर होत्या. खांबावर कुणी नव्हतं.

"अकरा दिवस चक्राचा आवाज नाही," वहिनी मागून हळूच म्हणाली. ती केव्हा जवळ आली ते त्याला कळलं नव्हतं. "वारा ऐकू येतो, पण चक्र नाही. मला वाटलं, माझेच कान गेले... काय आहे ते, भावजी? खरं सांगा."

मग त्याला राहवलं नाही. त्यानं मूठ उघडून तार दाखवली. फोनवरचं बोलणं सांगितलं, भित्री भागूबाईसकट. "मी मारलं त्याला, वहिनी. मी." आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ तिला वाचून दाखवली.

ती ओरडली असती, तिनं त्याच्या थोबाडीत दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, "आत्ता किती दाखवतंय?"

"तेवीस."

"म्हणजे यांचा हात गार पडला नाही अजून."

"वहिनी, तसं काही नसतं. तापमापक बिघडला असेल..."

"तुम्ही दमलात. बसा," ती म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली. तिला रडायला एकांत हवा असेल, असं वाटून धाकटा तिच्या मागे गेला नाही. ही त्याची दुसरी चूक.

तीन चाळीसची ओळ आली. तापमान सव्वीस.

तीन पन्नासची आली. तापमान एकोणतीस.

तो ताडकन उठला. मागचं दार सताड उघडं होतं. तो ओरडत बाहेर धावला, पण वाऱ्यानं त्याला गुडघ्यांवर आणलं आणि शेवटची वीस पावलं त्यानं रांगत काढली. खांबाशी कुणी नव्हतं. चक्र निश्चल होतं. "वहिनी!" तो दरीत वाकून ओरडला. त्याचाच आवाज त्याला परत मिळाला.

ती दुसऱ्या दिवशी सापडली, थोरला सापडला होता त्याच दगडांत.

धाकट्यानं कार्यालयाला सगळं खरं लिहून दिलं. तार, डबी, फोन. साहेबांनी ते वाचलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुःखाच्या भरात माणूस काहीही अंगावर ओढून घेतो, असं म्हणून त्यांनी कागद कपाटात ठेवला. थोरल्याच्या नावापुढचा निष्काळजीपणा तसाच राहिला. जिला तो पुसून हवा होता ती बाईच आता नव्हती. वारा शून्य आणि तापमान एकोणतीस दाखवणारं यंत्र मात्र कार्यालयाला खपेना. महिन्याभरानं नवं चक्र आणि नवा तापमापक देऊन धाकट्यालाच पुन्हा वर पाठवलं.

त्या दुपारी वाऱ्याचा लवलेश नव्हता. उन्हाचाही नव्हता. खांबाचं लोखंड इतकं थंड होतं की हातमोज्यांतूनही बोटं बधिर होत होती. तो पायऱ्या चढून वर पोहोचला, आणि जुना तापमापक सोडवण्यासाठी त्यानं खांब धरला, तेव्हा तिथं ऊब लागली. नुकताच कुणी हात काढून घ्यावा तशी. त्याच्या वर आणखी एक जागा तशीच उबदार होती. त्या दोन्हींच्या मधली वीतभर जागा तेवढी गार होती, आणखी एका हातासाठी मोकळी सोडल्यासारखी.

धाकट्यानं खाली पाहिलं नाही. दातांनी ओढून त्यानं उजव्या हाताचा मोजा काढला.