अर्ध्यावरचा काटा

दाराची कडी वाजली... अगदी हळू, दोनदा. दुपारी घर इतकं शांत होतं, की हातातली वाटी निसटता निसटता राहिली. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या आणि खारू, माझी सहा वर्षांची लेक, त्यांच्या कुशीत झोपली होती. दोन वर्षं झाली, अवेळी दार वाजलं की मी आधी खारू कुठे आहे ते बघते.

दारात समोरच्या गल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलचे सर उभे होते. येता-जाता दिसायचे, तेवढीच ओळख.

"खालची निळी गाडी तुमची ना? डिकीतून पेट्रोलचा वास येतोय. घाबरू नका... पण लगेच चला."

घाबरू नका म्हटल्यावर माणूस जितकं घाबरतं, तितकी मी घाबरले. हाताला लागली ती चप्पल पायात अडकवून खाली धावले.

डिकी उघडली आणि ते एकेक वस्तू बाहेर काढू लागले. पाण्याचे कॅन, दोरखंड, ब्लँकेटं, जादाची स्टेपनी, औषधांची फुगलेली पिशवी.

"कुठे युद्धावर निघालात की काय?" ते हसले. मग सगळ्यात मागचा कॅन त्यांच्या हाताला लागला. झाकण सैल झालेला, पेट्रोलने भरलेला. त्यांचं हसू विरलं.

"हा नेहमी इथेच असतो?"

"हो... असावा म्हणून."

"आणि मुलगी कुठे बसते?"

"मागच्या सीटवर," मी म्हणाले. बोलता बोलता माझंच बोलणं मला ऐकू आलं. खारूची पाठ आणि तो कॅन यांच्यामध्ये फक्त सीटचा स्पंज होता. मी गाडीला टेकले.

मग सांगून टाकलं. या गाडीबद्दल इतकं कुणालाच सांगितलं नव्हतं. हीच गाडी, हायवेवर पेट्रोल संपून बंद पडलेली. खारूचे बाबा कडेकडेने पंपाकडे चालत निघाले होते, आणि मागून ट्रक आला.

"ही अॅव्हरेजच देत नाही हो. कितीही भरा, काटा खालीच. आणि काटा अर्ध्यावर आला की माझा श्वास अडकतो. मी काम करते ते हॉस्पिटल गावाबाहेर, बस जात नाही. विकूही शकत नाही."

त्यांनी 'अरेरे' केलं नाही. कॅन उचलून लांब ठेवला. "हिची तहान कमी केली, तर हा परत आत ठेवायचा नाही. कबूल?"

"जुनी आहे ती. आता काय सुधारणार?"

"जुनी आहे, हट्टी दिसत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मालकिणीचं माहीत नाही."

सकाळी माझ्या ड्यूटीआधी ते येऊ लागले. एअर फिल्टर उघडून माझ्यासमोर धरला, धुळीने काळाठिक्कर. "बिचारी नाकात बोळे घालून धावतेय." नवा फिल्टर आला, प्लग साफ झाले, टायरमध्ये हवा नीट भरली, डिकी रिकामी झाली. आणि मग ते माझ्या शेजारच्या सीटवर बसले.

"डावा पाय क्लचवरून काढा."

"ठेवलेलाच नाही."

"मग क्लच आपोआप दबलाय. चमत्कारच म्हणायचा."

मी पाय काढला. दोन वर्षं तो तिथेच होता, कधीही थांबता यावं म्हणून.

"आता तिसरा टाका. दुसऱ्यात ओरडतेय ती."

"तिसऱ्यात पळते."

"पळते तुमच्या पायाने. गिअर बिचारा काय करेल?" असं म्हणताना त्यांची बोटं सीटच्या कडेवर घट्ट रुतली होती.

"तुम्हीच घाबरलाय की."

"शिकवायच्या गाडीत माझ्याही पायाखाली ब्रेक असतो," ते हळूच म्हणाले. "इथे नाही. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या ब्रेकच्या भरवशावर बसलोय."

मला हसू आलं. किती दिवसांनी, कोण जाणे.

"मी रोज लोकांचे एक्स-रे काढते," मी म्हटलं. "घाबरलेली माणसं ओळखू येतात."

"मग माझ्याकडे फार बघू नका. आतलं दिसायचं."

मी बघितलंच नाही. कान मात्र गरम झाले.

काटा हळू उतरू लागला. पंपावरच्या बाईंनी विचारलं, "गावाला गेला होतात का? दिसला नाहीत." सासूबाईही बघत होत्या. एकदा कप उचलता उचलता म्हणाल्या, "मास्तरांचा चहा रोज निवतो. बोलणं काही निवत नाही." आवाजात राग नव्हता. उलट तेच मला पेलवेना. काट्याची भीती ओसरत होती आणि तिच्या जागी दुसरीच भरत होती... मी कडी वाजायची वाट बघत होते. खारूही बघत होती. या माणसाला काही झालं, तर पुन्हा तेच सगळं सोसायचं?

परवा त्यांचं माझ्या हॉस्पिटलजवळ काम निघालं. संध्याकाळी दोघं माझ्याच गाडीतून परत निघालो. बारीक पाऊस, काचेवर थेंबांची जाळी. पंप मागे पडला, आणि काटा अर्ध्याच्या खाली सरकला.

"सर... मागे वळवू?"

"अर्ध्याखाली आहे, रिकामा नाही. आता ही आपल्याला घरी पोचवते."

पुढे ते वळण होतं, दोन वर्षांपूर्वी गाडी बंद पडली होती ते. माझा डावा पाय पुन्हा क्लचकडे गेला.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "आत्ताच सांगतो, तुम्ही समोर बघताय तोवर. मला तुमच्या शेजारी बसायचंय. गाडी सुधारली तरी... रोज."

वायपर एकदा गेला, परत आला.

"मला भीती वाटते," मी म्हणाले.

"मलाही."

"तुम्हाला कसली?"

"तुम्ही नाही म्हणाल याची. आणि हो म्हणालात, तर... उद्या मला काही झालं की तुमचं—"

वळण आलं, मागे पडलं. मी श्वास रोखला नाही. चौथा गिअर टाकला, आणि हात तिथेच राहू दिला. त्यावर त्यांची बोटं आली... गार.

"पाय काढलाय," मी म्हटलं.

"बघितलं."

"मग उद्या शिकवायला येऊ नका. नुसते या."

घराखाली ते उतरले, कोपऱ्यावरची आपली स्कूटर काढली. "पोचल्यावर फोन करा," माझ्या तोंडून गेलं. मग त्यांचा लाल दिवा पावसात पुसट होईतो मी फाटकाशी उभी राहिले.

खारू जिना उतरून आली आणि माझ्या ओढणीत शिरली. तीही तिकडेच बघत होती.

"आई, सर आपले कोण लागतात?"

"का गं?"

"बाबांच्या वेळी आजीला फोन आला होता ना. सरांना काही झालं, तर आपल्याला कोण सांगेल?"